सेशेल्सचे दोनशे, मॉरिशसचे सातशे

“आधी खरा भाव काढ गो परभे, मंग पाटीला हात लाव. अंदाजपंचे नको.”

आई हे म्हणाली तेव्हा ती बशीत चहा ओतत होती, आणि मी “हो” म्हटलं ते निम्मं तिचा चहा सांडू नये म्हणून. महिन्याभरात ती गेली. हयात माणसाला दिलेला शब्द एक वेळ मागेपुढे करता येतो, समजूत घालता येते; गेलेल्या माणसापुढे ती सोय नाही. त्यातून मी रोज सकाळी आंघोळ झाल्यावर आणि तिन्हीसांजेला मेणबत्ती लावल्यावर पंचशील म्हणणारी बाई. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. बाकीची चार मला फारशी जड गेली नाहीत. मी कधी चोरी केली नाही, दारूला शिवले नाही, आणि जीवहत्या म्हणाल तर ढेकणांच्या बाबतीत वर्षातून दोनदा चलबिचल होते, पण ती मी मनातच ठेवते. चौथ्या शिलानं मात्र २००४ साली मला शहापूर, ठाणे आणि पुन्हा शहापूर असं फिरवलं, ते सांगते.

पाटी म्हणजे किन्हवलीच्या आमच्या विहारातली, दान देणाऱ्यांच्या नावांची. किन्हवली माझं माहेर. १९९६ च्या वैशाख पौर्णिमेला तिथं विहाराच्या छपरासाठी दान गोळा झालं. आईचे दोन्ही जावई तेव्हा परदेशातून रजेवर आलेले होते. थोरले म्हणजे आमचे हे, सतीश. ते सेशेल्स नावाच्या बेटावर बंदरात वेल्डिंगचं काम करत. धाकटा रत्नदीप, माझी बहीण संध्या हिचा नवरा. तो मॉरिशसला बांधकामावर होता. इथंही बेट, तिथंही बेट, आणि सगळ्या घोटाळ्याचं मूळ असं की दोन्हीकडच्या पैशाला रुपयाच म्हणतात. आईनं पितळेचं ताट फिरवलं. ह्यांनी उभं राहून सांगितलं, “सेशेल्सचे दोनशे रुपये.” लगेच रत्नदीप उठला, “मॉरिशसचे सातशे रुपये.” टाळ्या वाजल्या. आई ते ताट तसंच डोक्यावर घेऊन आळीतल्या पाच-सहा घरी जाऊन आली. असल्या रंगाच्या नोटा किन्हवलीत कोणी पाहिल्या नव्हत्या.

विहार समितीचे अध्यक्ष बारकूकाका. त्यांनी वहीत दोनशे आणि सातशे असे आकडे मांडले, आणि पुढच्या वर्षी संगमरवरी पाटी लागली ती आकड्यांच्या उतरत्या क्रमानं. दानाच्या पाट्या अशाच असतात. पहिल्या ओळीत रत्नदीप, रुपये सातशे. आमचे हे नवव्या ओळीत, रुपये दोनशे. त्यांच्या डोक्यावर पिठाच्या गिरणीवाले, रुपये दोनशे एक्कावन्न.

हे कायमचे परत आले ते त्याच साली. विहारात गेले, वंदना केली, पाटी वाचली आणि घरी येऊन दोन दिवस जेवताना फक्त “भात” आणि “पुरे” एवढंच बोलले. तिसऱ्या दिवशी आम्ही मुरबाडला संध्याकडे गेलो; रत्नदीपही तोवर तिकडचं काम संपवून परतला होता. चहा व्हायच्या आत हे रत्नदीपला म्हणाले, “तुझे सातशे म्हणजे माझे दोनशेसुदा भरत नाय.” रत्नदीप म्हणाला, “मंग ते दोनशे घेऊन बाजारात जावा, मिरच्या तरी येतात का बघा.” संध्यानं माझ्याकडं पाहिलं. मी काही बोलले नाही. माझा स्वभावच हळू. मला वाटलं, गप्प राहणं म्हणजे कोणाचीच बाजू न घेणं. संध्याला वाटलं, गप्प राहणं म्हणजे नवऱ्याची बाजू घेणं. तिनं कपबश्या आत नेल्या आणि तेव्हापासून सात वर्षं आम्ही दोघी बोललो नाही. आईच्या पुण्यानुमोदनालासुद्धा ती खांबाच्या त्या बाजूला बसली, मी या बाजूला.

आता विहाराची ती भिंत नव्यानं बांधली, आणि पाटी उतरवताना दुभंगली. नवी पाटी करायची ठरलं. त्याच सुमाराला संध्याच्या मुलीचं, रुपालीचं लग्न जमलं. माघात एका दुपारी बारकूकाका शहापूरला माझ्या दारात उभे राहिले.

“जय भीम, परभे. मुरबाडवरनं सांगावा हाय.”

“जय भीम, काका. बसा. पाणी देते.”

“पानी नंतर. संध्या म्हनती, रुपालीचं लगीन आपल्या विहारातच लावू, तुझ्या आयची, गीतावयनीची, तशी विच्छा व्हती. पन पाटी खरी पायजे. रत्नदीप सोता म्हनला, खरा भाव निघून मी खाली गेलो तरी चालंल, पन खरा. नायतर ती मुरबाडला हॉल घेनार.”

“आणि हॉलमध्ये मग...”

“हॉलात कुनाला बोलवायचं ते त्यांचं ते बघनार,” काका म्हणाले आणि आता पाणी मागितलं.

रुपाली पहिलीपासून तिसरीपर्यंत शाळेसाठी माझ्याकडं होती. तिच्या दोन वेण्या मी घातल्या आहेत, तिच्या उवा मी काढल्या आहेत (त्याही जिवंत सोडणं मला जमलं नाही, हे कबूल करते). तिला हळद लागेल त्या दिवशी मी शहापुरात तांदूळ निवडत बसले असेन, हे चित्र माझ्यानं बघवेना. काकांनी जाताना एक अट घातली. चैत्र पौर्णिमेच्या बैठकीत भाव ठेवायचा, आणि तो सही-शिक्क्यासह. तोंडी भाव समिती मानणार नाही.

हे कोपऱ्यात बसून वेल्डिंगचा काळा चष्मा पुसत होते. तो चष्मा पुसून स्वच्छ होत नाही हे त्यांना वीस वर्षं माहीत आहे. म्हणाले, “मला काय त्याचं.” आणि आणखी जोरात पुसू लागले.

शेजारच्या मैनाताईंनी भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं. त्या शेणव्याच्या, भातशेतीतल्या, रोखठोक. म्हणाल्या, “एवडं काय गो त्यात? सेशल्स कुनी बगितलंय? तुझ्या नवऱ्याचं वर लिव नि मोकळी हो.”

“खोटं होईल ना ते.”

“मंग तांदूळ इचार. त्याच्या दोनशेत किती किलो यायचा, त्याच्या सातशेत किती किलो यायचा. भाव म्हंजे आनिक काय असतो?”

बाईचं डोकं सरळ चालतं. मी ह्यांना तांदळाचा भाव विचारला. ह्यांना माहीत नव्हता, कंपनीच्या खानावळीत जेवत होते. माशांचा विचारला. तर म्हणाले, “मासे आम्ही धक्क्यावरनं गळानं काढायचो. समुद्र काय बिल देतो?” साबणाचा विचारला, तर चष्मा घेऊन बाहेर गेले. दोन वर्षं एका देशात राहून आलेल्या माणसाला तिथली एकाही वस्तूची किंमत सांगता येऊ नये, याचं मला तेव्हा नवल वाटलं. ते नवल मी तिथंच सोडलं, ही माझी चूक.

मग मी बँकेत गेले. परकीय चलनाच्या चौकशीला एक छापील अर्ज होता, त्यात कारणाच्या चौकटी होत्या: प्रवास, शिक्षण, उपचार, व्यापार. यातल्या एकीवर खूण करायची. मी पेन हातात धरून उभी राहिले.

खिडकीतले साहेब म्हणाले, “टिक करा हो कुठंही.”

“यातलं एकही खरं नाही.”

“मग कशाला पाहिजे तुम्हाला सेशेल्सचा भाव?”

“बहिणीशी बोलायचंय.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. “मग फोन करा ना ताई.”

रांगेत माझ्यामागं सहा माणसं होती. ती सहाही हसली. त्यांत एक बाई माझ्याबरोबर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून बसणारी होती, ती जरा उशिरा हसली एवढंच. मी स्वतःच पाचवी चौकट आखली, तीत “पाटी” असं लिहिलं आणि अर्ज दिला. तो अर्ज वरच्या कार्यालयात गेला. बावीस दिवसांनी उत्तर आलं: “आपल्या खात्यातून सदर चलनाचा कोणताही व्यवहार झाल्याचे आढळून येत नाही, सबब आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे.” मी तक्रार केली नव्हती. पण निकाली निघाली हे वाचून उगाच बरं वाटलं.

फाल्गुन पौर्णिमेला मी ठाण्याला गेले. तिथल्या एका वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आहेत असं कळलं होतं. पौर्णिमेला मी अष्टशील पाळते, म्हणजे दुपारी बारानंतर अन्न नाही. मे १९९६ चा गठ्ठा पुढ्यात आला तेव्हा साडेबारा झाले होते. चलनांचा तक्ता रोज छापलेला होता. डॉलर, पौंड, मार्क, येन. एकतीस दिवस मी तेच चार देश वाचले. बेटांची त्या वर्तमानपत्राला शुद्धच नव्हती. एका रविवारी मॉरिशसचं नाव दिसलं म्हणून पेन काढलं, तर ती मधुचंद्राच्या सहलीची जाहिरात निघाली.

दोनच्या सुमाराला तिथल्या ग्रंथपालांनी कागदात गुंडाळलेला वडापाव माझ्यासमोर ठेवला.

“घ्या ताई. सकाळपासून बघतोय, तुम्ही काही खाल्लं नाही.”

“नको, माझं आज व्रत आहे.”

“असं म्हणतात सगळे,” ते फार मायेनं म्हणाले. “पैसे नाही घेणार मी.”

मी पर्समधून शंभराची नोट काढून दाखवावी की काय असा विचार माझ्या मनात आला. अष्टशिलाच्या दिवशी गर्वाचा विचार. मी नोट काढली नाही. वडापावही घेतला नाही. त्यांनी तो तिथंच ठेवला, आणि पुढचे दोन तास मार्क आणि येन वाचताना त्या वड्याचा वास घेणं हे व्रतात बसतं की नाही यावर मी विचार करत राहिले.

तोवर शहापुरात वेगळंच झालं होतं. परभाताई भाव काढते, एवढं लोकांना कळलं. कशाचा, ते कोणी विचारलं नाही. संध्याकाळच्या वंदनेला बसले की दारात माणूस. कोणाच्या भाच्यानं मस्कतहून नोट पाठवलेली, कोणाचा जावई कुवेतला. शेणव्याहून एक म्हातारेबाबा दुबईची दहाची नोट लंगोटाच्या गाठीतून काढून मला म्हणाले, “बँकेपरीस तू चार आनं जास्त देतेस म्हनं.” मी हात जोडून नाही म्हटलं. ते म्हणाले, “बरं, दोन आनं दे.” चौथ्या दिवशी एक हवालदार आले. आमच्या दारात पोलीस कधी आला नव्हता. मी त्यांना अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं, पाटी, ताट, गिरणीवाले. चहा पिऊन ते उठले आणि दारात थांबून हळूच म्हणाले, “ताई, ते राहू द्या. रियालचं काय चाललंय सध्या?”

ह्यांनी हे ऐकलं. म्हणाले, “बघ, माझी अब्रू काढायला निघालीस नि तुझी पन गेली.” मला रडू आलं, पण मेणबत्ती लावायची वेळ झाली होती.

शेवटी वाट दाखवली ती टायपिंगच्या सरांनी. बसस्टँडजवळ त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. तिच्यात आता अर्धी टाइपराइटरं आणि अर्धे कॉम्प्युटर होते, आणि तासाला तीस रुपये घेऊन ते इंटरनेट दाखवत. सरांनी आधी मला नकाशा दाखवला. निळ्यात निळा समुद्र, आणि त्यात बोटानं दाखवल्याशिवाय दिसणार नाही असा एक ठिपका.

“हे सेशेल्स.”

मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. घरच्या माणसाला दोन वर्षं आपण एवढ्याशा जागी पाठवलं होतं. तिथून पडून गेले असते तर.

मग सरांनी एक पान उघडलं. कुठला पैसा, कुठल्या पैशात, कुठल्या तारखेला, असं ते पान विचारत होतं. कारण विचारत नव्हतं. हे मला फार सभ्य वाटलं. सरांनी वैशाख पौर्णिमेची तारीख टाकली, दोनशे टाकले, आणि लाइट गेली. त्या वर्षी भारनियमन होतं, दुपारी दोन ते सहा. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर फोनची तार तुटलेली. तिसऱ्या दिवशी आकडा आला: सेशेल्सचा एक म्हणजे मॉरिशसचे तीन रुपये साठ पैसे आणि वर चिमूटभर. दोनशेचे सातशे वीस रुपये चाळीस पैसे.

आमचे हे वर. वीस रुपये चाळीस पैशांनी.

मला आनंद झाला. तो आनंद कुठल्या शिलात बसतो हे मी अजून शोधते आहे. पण त्या क्षणी मी सरांना तिसऐवजी पस्तीस रुपये दिले.

आता सही-शिक्का. सरांनी छापून दिलेला कागद बघून तलाठ्यांनी सांगितलं, “बाई, मी सातबारा देतो, भाव देत नाही.” मग आमच्या ओळखीचे एक मुख्याध्यापक होते, ते खऱ्या नकलेवर सही करायचे. त्यांनी कागद उजेडात धरला.

“ही प्रत झाली. मूळ कुठंय?”

“मूळ पडद्यावर आहे, सर.”

“मग मूळ पाहिल्याशिवाय मी कशी सही करू?”

माणूस माझ्याच जातकुळीचा होता. ते माझ्याबरोबर टायपिंगच्या इन्स्टिट्यूटमध्ये आले, भर उन्हात, कोट घालून. पोहोचलो तेव्हा दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. लाइट नव्हती. ते चार तास टाइपराइटरसमोरच्या स्टुलावर ताठ बसून राहिले. सहाला पडदा उजळला, त्यांनी मूळ पाहिलं, आकडा आकड्याशी लावला आणि लिहिलं, “पडद्यावर समक्ष पाहिले. बरोबर आहे.” शिक्का मात्र त्यांच्या खिशात बालवर्गाचाच होता. तो त्यांनी उमटवला. त्यावर बदक होतं.

घरी येऊन मी तो कागद ह्यांच्या ताटाशेजारी ठेवला. वाटलं, सात वर्षांचं ओझं उतरेल, दोन शब्द बोलतील. त्यांनी कागद वाचला, उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली, पुन्हा सुलटा केला.

“वीस रुपये?” म्हणाले.

“आणि चाळीस पैसे.”

“पुरे,” म्हणाले. मला वाटलं, भात पुरे.

चैत्र पौर्णिमेला विहारात बैठक बसली. किशोर पेंटर नवी पाटी भिंतीला टेकवून, वर पेन्सिलीनं रेघा मारून, कानाला पेन्सिल लावून बसला होता. तो छिन्नीनं अक्षरं कोरतो आणि बैठकीचे पैसे वेगळे लावतो, त्यामुळं सगळ्यांनाच घाई होती. रत्नदीप मुरबाडहून एकटा आला होता. संध्या नव्हती. मी दाराकडं तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा रत्नदीपनं माझं पाहणं पाहिलं आणि मान खाली घातली.

सगळ्यांनी मिळून त्रिशरण-पंचशील घेतलं. मग बारकूकाका म्हणाले, “परभे, वाच.”

मी वाचलं. माझा आवाज लहान, मागच्यांनी दोनदा “काय? काय?” केलं, म्हणून दोनदा वाचलं. बदकाबद्दल कुजबुज झाली, ती काकांनी थांबवली.

रत्नदीप उभा राहिला. “ताईंवर माझा इश्वास हाय. त्या खोटं वाचनार नाय. पन हा बँकेचा भाव झाला, फळ्यावर लिवलेला. त्या भावानं तिथं पैसं बदलून मिळत व्हतं का, ते तुमी दादांना इचारा. आमच्याकडं मॉरिशसला त्यांच्या बेटावरची पोरं यायची. मी ऐकलंय.”

सगळे ह्यांच्याकडं वळले. हे बसल्या जागी चटईची काडी उपसत होते.

“नाय मिळत,” हे म्हणाले.

“काय?”

“फळ्यावर भाव व्हता, पन बँक बदलून देत नव्हती. नंबर लावायचा, चार-चार महिनं थांबायचं. घरी पैसं कवा धाडायचं मग? आमी धक्क्यावर बदलायचो. तिथं निम्म्याच्या जरा वर हातात यायचं. त्या भावानं माझ्या दोनशेचे पाचशे झाले आसतील. पाचशेपन नाय.” त्यांनी काडी मोडली. “आत्ताच शील घेतलं. म्हनून सांगतो.”

“मंग सात वर्षं बोललात का नाय?” रत्नदीपनं विचारलं. भांडायच्या आवाजात नाही.

“घरी काय सांगू? जेवडं कमवतो असं लिवत व्हतो तेवडं येत नाय म्हनून? आन हिला सांगितलं तर ही खोटं बोलत नाय. उद्या कुनी इचारलं आसतं तर अख्ख्या शापूरला कळलं आसतं.”

लोक हसले. मीही हसायला हवं होतं. पण दोन वर्षं एक माणूस निम्म्या पैशात राहतो, कशाची किंमत विचारली तर उठून बाहेर जातो, आणि ते तो आपल्यापासून लपवतो कारण आपण फार खऱ्या आहोत, हे ऐकून हसू येत नाही. मी मांडीवरच्या कागदाकडं बघत राहिले.

“म्हंजे वर कोन?” किशोर पेंटरनं विचारलं.

बारकूकाका खोकले. उठले, कपाट उघडलं आणि आतून एक डबा काढला. डब्यात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत नोटा. आठ वर्षांपूर्वी ताटात होत्या तशाच, रंगसुद्धा उडाला नव्हता.

“दोगं बी वर येत नाय,” काका म्हणाले. “ह्या नोटा शापूरला कुनी घेतल्या नाय. ममईला एका दलालाला दावल्या, त्यानं बगून परत केल्या, म्हनला एवड्याशासाठी कोन कागद रंगवनार. गीतावयनी तर ताट डोक्यावर घेऊन अख्खी आळी फिरलेली. तिला कसं सांगू, तुझ्या जावयांचं दान चालत नाय म्हनून?”

“मग छपराचे पत्रे?” मी विचारलं. त्या बैठकीत मी स्वतःहून विचारलेला एवढा एकच प्रश्न.

काका डबा बंद करू लागले. मागून त्यांची बायको, लहानीकाकू, बसल्या जागेवरून म्हणाली, “आमच्या घरावर घालायला आनलं व्हतं ते. आमी आजून त्याच जुन्या कौलाखाली हाव. पावसात येऊन बगा, चार पातेली मांडते मी.”

“गप गो.”

“आठ वरीस गपच हाय.”

सगळ्यांनी वर पाहिलं. आठ वर्षं त्या पत्र्यांखाली बसून आम्ही वंदना म्हटली, पावसाळे काढले, आणि वर कोणी पाहिलं नव्हतं. सगळे भिंतीकडं बघत होतो.

त्यानंतर जे झालं ते आईनं बघायला हवं होतं. हे म्हणाले, “रत्नदीपचं नाव वर घाला, माझं नको.” रत्नदीप म्हणाला, “दादांचं वर घाला, माझंच नको.” हे म्हणाले, “मी मोठा हाय, मी सांगतो ते ऐक.” रत्नदीप म्हणाला, “मोठे हाव म्हनूनच वर घाला म्हनतोय.” आवाज चढले. सात वर्षं एकमेकांना खाली ढकलणारे दोघं आता तितक्याच त्वेषानं एकमेकांना वर ढकलू लागले, आणि मला भीती वाटली की आता यावरून आणखी सात वर्षं जातील. किशोर पेंटर उठला. “मी जेवून येतो.”

“थांब रे,” काका म्हणाले. “पयल्या वळीत काय लिवू ते मी सांगतो. लिव, एक दानी.”

“कुटला दानी?” लहानीकाकू म्हणाली. “माझं नाव लिव. लहानीबाई बारकू, पत्रे नग बारा. मला चालतं.”

किशोरनं काकांकडं पाहिलं. काकांनी भिंतीकडं पाहिलं. ते नाव पहिल्या ओळीत आलं. खाली एका ओळीत सतीश आणि रत्नदीप, आकड्यांशिवाय, आणि कोण डावीकडं हे ठरवायच्या आत किशोरनं पेन्सिल चालवली, म्हणून ते मिटलं. हे खिशातून टेप काढून काकांना विचारत होते, घराची लांबी किती, उद्या सकाळी मापं घ्यायला येऊ का.

मी चपला घालायला बाहेर आले. रत्नदीप आंब्याखाली उभा होता.

“ताई,” तो म्हणाला, “तुमी त्या भावासाठी ठान्यापर्यंत गेलात म्हनं. उपाशी.”

“व्रत होतं.”

“तेच,” तो म्हणाला. “शापूरवरनं मुरबाडला गाडी रोज सुटते, ताई. साडेचारला आमच्या घरावरनं जाते. संध्या त्या टायमाला ओट्यावर येऊन बसते. रोज. मी इचारलं तर म्हनते, वारा खाते.” त्यानं मुंडासं झटकलं. “आमच्या ओट्याला वारा येतच नाय. समोर गोडाऊन हाय.”

मला बँकेच्या खिडकीतले साहेब आठवले नाहीत, हवालदार आठवले नाहीत. एवढंच वाटलं की इतक्या ठिकाणी गेले, पण ज्या गाडीचं तिकीट सगळ्यांत स्वस्त, ती गाडी सात वर्षांत धरली नाही.

“उद्या येते म्हणून सांग तिला,” मी म्हटलं.

“मी नाय सांगत,” रत्नदीप म्हणाला. “तुमी या.”

दुसऱ्या दिवशी हे सकाळीच टेप घेऊन किन्हवलीला गेले. मी जेवण उरकलं, भांडी घासली, ओली साडी दोरीवर टाकली. निघताना मैनाताई भिंतीवरून म्हणाल्या, “आज कुटला भाव काढाया चाललीस गो?”

“मुरबाडला जाते.”

“काय काम?”

“काम काही नाही,” मी म्हटलं. हे खरं होतं.

स्टँडवर तीनची गाडी लागली होती. निम्मी रिकामी. कंडक्टरनं सावलीतली जागा दाखवली, मी नको म्हटलं. उजवीकडच्या खिडकीला जाऊन बसले. ऊन त्याच बाजूला होतं, पण ओटाही त्याच बाजूला आहे.